ग्रीक चांदीच्या नाण्यांवरचे चिमुकले प्राणी: चिन्ह सर्वांत शेवटी वाचा

नवख्या संग्राहकाकडून नाण्याचा फोटो येतो आणि त्याच्यासोबत ठरलेला प्रश्न: "ही मधमाशीच ना?" मी वजन विचारतो. उत्तर येत नाही. व्यास विचारतो, तोही मोजलेला नसतो. पैसे मात्र देऊन झालेले असतात.

छोट्या चिन्हांच्या ग्रीक नाण्यांत गडबड होते ती इथेच. चिन्ह लोभस असतं, म्हणून आपण सुरुवातच त्याच्यापासून करतो. एकदा मनानं "मधमाशी" म्हटलं की पुढचं सगळं आपण तिला सोयीचं असं बघतो. खरा क्रम उलटा आहे: आधी कागद, मग वजन आणि धातू, मग ठसा (ज्यानं नाणं ठोकलं तो कोरलेला साचा), मग गाव, आणि चिन्ह शेवटी.

सरावासाठी एकच नाणं धरू: थ्रेसमधल्या खेरोनेसोसचा, म्हणजे आजच्या गॅलिपोली द्वीपकल्पावरचा, इ.स.पू. चौथ्या शतकातला हेमिड्राख्म, म्हणजे ड्राख्म या ग्रीक चांदीच्या नाण्याचा अर्धा. व्यास साधारण १२ ते १४ मिलिमीटर. पुढच्या बाजूला मान वळवून मागे बघणाऱ्या सिंहाचा पुढचा अर्धा देह. मागच्या बाजूला चार कप्प्यांचा चौकोन, त्यातले समोरासमोरचे दोन कप्पे उठावाचे आणि दोन खोल. त्या खोल कप्प्यांत ठिपका, एखादं अक्षर आणि एखादं चिन्ह: मधमाशी, सिकाडा (झाडावर कर्कश ओरडणारा कीटक), द्राक्षांचा घड, कुंभ, तारा. बाजारात हे नाणं भरपूर मिळतं, आणि त्याच्या नकलाही तितक्याच मिळतात.

## १. टेबलावर आधी काय हवं

सोनाराकडे असतो तसा डिजिटल काटा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा किमान, ०.००१ दाखवणारा उत्तम. कारण चौथ्या टप्प्यात कळेल. सोबत काटा तपासायचं प्रमाणित वजन. प्लॅस्टिकच्या जबड्यांचा कॅलिपर, कारण पोलादी जबडा चांदीच्या कडेवर ओरखडा उमटवतो. दहापट भिंग. हलवता येईल असा एक दिवा. डिस्टिल्ड पाणी आणि काचेची वाटी. खाली अंथरायला जाड मऊ कापड, कारण शतकानुशतकं जमिनीत राहिलेली चांदी आतून स्फटिकासारखी ठिसूळ झालेली असू शकते आणि फरशीवर पडली तर बिस्किटासारखी तुटते.

इशारा: लोहचुंबकाची चाचणी करून खूश होऊ नका. चुंबकाला चिकटलं तर नाणं नक्की खोटं, पण चिकटलं नाही याचा अर्थ काहीच नाही. तांबं, शिसं, कथील यांतलं काहीच चिकटत नाही.

## २. आपण कोणत्या 'चिन्हा'च्या मागे आहोत?

"प्राणी असलेलं नाणं" या एका शब्दप्रयोगात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात.

पहिली, मुख्य चित्रच प्राण्याचं. एफेससची मधमाशी, एजिनाचं कासव. ही चिन्हं नव्हेत, हा नाण्याचा चेहरा.

दुसरी, गावाची कायमची खूण. मार्मारा समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या किझिकोसच्या छोट्या चांदीच्या नाण्यांवर रानडुकराच्या पुढच्या अर्ध्या देहामागे एक उभा मासा असतो. तो टुना. मागच्या बाजूला जबडा उघडलेलं सिंहाचं डोकं. हा मासा या नाण्यांवर नेमानं असतो. "दुर्मीळ मत्स्यचिन्ह" म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर नमस्कार करून पुढे चला.

तिसरी, बदलतं चिन्ह. मुख्य चित्र तेच, पण शेजारची चिमुकली खूण दर खेपेला वेगळी. करिंथच्या स्टेटरवर (स्टेटर हे मोठ्या नाण्याचं नाव) अथेना देवीच्या शिरस्त्राणामागे, मेटापोंटमच्या जवाच्या कणसाशेजारी (तिथे नाकतोडा आणि उंदीर दोन्ही सापडतात), अलेक्झांडरच्या नावाच्या टेट्राड्राख्मवर (चार ड्राख्मच्या नाण्यावर) बसलेल्या झ्यूस देवासमोर, अथेन्सच्या इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या 'नव्या धाटणी'च्या नाण्यांवर घुबडाशेजारी. आपला खेरोनेसोसचा हेमिड्राख्म याच गटातला.

माझं मत विचाराल तर एक गाव धरा, एक प्राणी धरू नका. "सगळ्या मधमाश्या" जमवायला गेलात तर दर वेळी नवं वजनमान, नवी टाकसाळ, नवे ठसे शिकावे लागतात आणि प्रत्येक नाण्याला तुम्ही नवखेच राहता. एका गावची आठ नाणी हातात घेतलेला माणूस नववं खोटं नाणं बहुतेक वेळा आपसूक ओळखतो.

तपासा: हव्या असलेल्या नाण्यावरचं चिन्ह या तीन गटांपैकी कोणत्या गटातलं, हे एका वाक्यात लिहिता येतंय का? येत नसेल तर अजून खरेदी करू नका.

## ३. पैसे देण्याआधी कागद

हा टप्पा कंटाळवाणा आहे, म्हणून लोक तो शेवटी करतात. नंतर तो करताच येत नाही.

विक्रेत्याकडून लेखी चार गोष्टी घ्या: वजन, व्यास, आधी नाणं कोणाच्या संग्रहात किंवा कोणत्या लिलावात होतं, आणि ते खोटं निघालं तर काय. जुन्या संग्राहकाच्या हातची चिठ्ठी सोबत असेल तर ती नाण्याइतकीच जपा.

भारतात राहणाऱ्यांसाठी एक फास इथे दडलाय. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू, आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. कायद्याची व्याख्या भारतात घडलेल्या वस्तूंपुरती मर्यादित नाही. म्हणजे परदेशी विक्रेत्याचं "आवडलं नाही तर परत पाठवा" हे आश्वासन आपल्यासाठी जवळपास निरुपयोगी. नाणं एकदा इथे आलं की इथलंच. त्यामुळे चौथ्यापासून सहाव्यापर्यंतच्या टप्प्यांतलं जेवढं फोटोवरून आणि विक्रेत्याच्या आकड्यांवरून करता येईल, तेवढं पैसे देण्याआधी करायचं. भिंगाखालची तपासणी तेवढी नाणं हातात आल्यावर.

मागवताना पाकिटावर "दागिना" किंवा नुसतं "चांदी" लिहू देऊ नका. संग्रहासाठीच्या नाण्यांचं कस्टम शीर्षक ९७०५ आहे, आणि २०२२पासून त्यात शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांचा वेगळा उपविभाग आहे. किंमत खरी लिहायला सांगा आणि शुल्काचा आजचा दर आधी कस्टम एजंटकडून विचारून घ्या.

अमेरिकेतल्या मराठी संग्राहकांना वेगळी काळजी. ग्रीस आणि इटलीतून येणाऱ्या ठरावीक प्राचीन नाण्यांवर तिथे २०११पासून आयातबंधनं आहेत, तुर्कस्तानबाबत २०२१पासून. गॅलिपोली आणि किझिकोस दोन्ही आजच्या तुर्कस्तानात. त्या तारखांआधी नाणं तुर्कस्तानाबाहेर होतं हे दाखवणारा कागद नसेल तर सौदा सोडा.

आणि कोणी "शेतात सापडलंय, स्वस्तात देतो" म्हणत आलं तर हात लावू नका. १८७८चा निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.

## ४. वजन, व्यास, धातू

काटा प्रमाणित वजनानं तपासा, पंखा बंद करा, नाणं तीनदा ठेवा. तिन्ही आकडे लिहा.

खेरोनेसोसचा हेमिड्राख्म साधारण २.४ ग्रॅमचा. झिजलेला थोडा कमी भरेल, २.२चं नाणं मला खटकत नाही. खटकतं ते जास्त वजन. झीज वजन कमी करते, वाढवत नाही. २.७ भरलं तर तिथेच थांबा.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे नावावरून वजन काढणं. "हेमिड्राख्म म्हणजे अर्धा ड्राख्म, अथेन्सचा ड्राख्म ४.३ ग्रॅम, म्हणून २.१५ हवं." नाही. ड्राख्मचं वजन गावागणिक बदलतं, आपल्याकडे शेर आणि पायली तालुक्यागणिक बदलायची तसंच. (आपला 'दाम' हा शब्द याच ड्राख्मच्या वंशातला.) त्या गावचा, त्या काळचा आकडा शोधा. करिंथचा स्टेटर साधारण ८.६ ग्रॅम, एजिनाचा १२ ग्रॅमच्या वर, आणि दोघांना 'स्टेटर'च म्हणतात.

आता धातू. वाटीत डिस्टिल्ड पाणी घ्या, साबणाचा एक थेंब टाका म्हणजे बुडबुडे चिकटणार नाहीत. वाटी काट्यावर ठेवून शून्य करा. नाणं बारीक दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवा. तळाला किंवा काठाला टेकता कामा नये. काट्यावर दिसेल ते सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्यानं भागा. शुद्ध चांदीची घनता १०.४९, चांगल्या ग्रीक चांदीची त्याच्या जरा खाली, तांब्याची ८.९६.

आणि हा हिशोब बघा. २.४ ग्रॅमचं नाणं जेमतेम ०.२३ ग्रॅम पाणी सारतं. काटा ०.०१नं चुकला तर उत्तर चार टक्क्यांहून जास्त हलतं, म्हणजे १०.४च्या जागी १०.०ही येऊ शकतं आणि १०.९ही. किझिकोसच्या ०.८ ग्रॅमच्या ओबोलला (ओबोल म्हणजे ड्राख्मचा सहावा भाग) तर हीच चूक उत्तर ९.२पासून जवळपास १२पर्यंत कुठेही नेते. म्हणून ०.००१चा काटा. तो नसेल तर छोट्या नाण्यावर ही चाचणी करूच नका. खोटा दिलासा मिळतो किंवा खोटी भीती.

इशारा: घनता कमी आली म्हणजे नाणं आधुनिक नक्कल असंच नाही. आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा अशी लबाडी त्या काळीही चालायची. तशी नाणी प्राचीनच, पण त्यांना अस्सल चांदीची किंमत देऊ नका. ठिसूळ, सच्छिद्र नाण्याची घनताही जरा कमी येते.

## ५. कड आणि पृष्ठभाग

नाण्याचं चित्र सोडा, कड बघा. सगळा वेळ इथे घालवला तरी चालेल.

ही नाणी तापवलेली चकती दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्यानं ठोकलेली. ठोकताना धातू बाहेरच्या बाजूला पसरतो, म्हणून कडेला बारीक चिरा पडतात आणि अक्षरांच्या किंवा आकृतीच्या काठाशी बाहेर धावणाऱ्या सूक्ष्म रेषा दिसतात. ओतीव नकलेत कडेभोवती साच्याच्या जोडाची रेघ किंवा ती रेघ घासल्याच्या खुणा दिसतात. पृष्ठभागावर गोल, गुळगुळीत तळाचे बारीक खड्डे दिसतात. ते बुडबुडे. गंजानं पडलेले खड्डे वेडेवाकडे आणि खडबडीत असतात.

दाबयंत्रावर काढलेली आधुनिक नक्कल जास्त फसवी. तिच्यात बुडबुडे नसतात. तिथे चमक बघा: खोलगट कप्प्यांच्या तळाशी साबणासारखी सपाट चमक आणि सगळीकडे सारखाच काळा रंग असेल तर तो रंग बहुधा रसायनानं चढवलेला. खेरोनेसोसचे आणि पारिऑनचे हेमिड्राख्म, तसंच अपोलोनिया पोंटिकाचे डायओबोल (दोन ओबोलची नाणी), या तिघांच्या अशा नकला पर्यटकांच्या दुकानांपासून लिलावांपर्यंत पोहोचल्या आहेत.

## ६. ठशांची तुलना

अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीचा मँटिस हा ऑनलाइन संग्रह आणि ब्रिटिश म्युझियमचा संग्रह दोन्ही मोफत बघता येतात. अमेरिकन सोसायटीचंच पेला हे अलेक्झांडरच्या नाण्यांपुरतं वेगळं साधन आहे. लिलावांच्या जुन्या नोंदी बघायला एसीसर्च. शोधताना खेरोनेसोस नावाचा घोळ लक्षात ठेवा: याच नावाची गावं क्रिमियात आणि क्रीटमध्येही होती, आणि तिन्हींच्या नोंदी एकत्र येतात.

तुमच्या नाण्याचा फोटो आणि सापडलेले फोटो एकाच आकाराचे करून शेजारी ठेवा. ठसा तोच निघाला तर घाबरू नका. एका ठशानं पुष्कळ नाणी ठोकली जायची. पण प्रत्येक वेळी चकती वेगळी. त्यामुळे चित्र किती सरकलंय, कड कुठे चिरलीय, कुठे कमी उठलंय, हे प्रत्येक नाण्यात वेगळंच असणार. ठसाही तोच, सरकणंही तेवढंच, चीरही त्याच जागी: मग दोन्हींपैकी किमान एक नाणं ओतीव.

हे मी पैसे मोजून शिकलो. एका प्रदर्शनात सिकाडाचं चिन्ह असलेला हेमिड्राख्म घेतला. काही आठवड्यांनी एका जुन्या लिलावाच्या नोंदीत तोच सिंह दिसला, घड्याळात दोन वाजता काटा असतो तिथे तीच चीर, कानाजवळ तोच ओरखडा. फक्त ते नाणं माझ्या नाण्याहून जरा मोठं होतं. ओतलेली प्रत थंड होताना आकसते. माझी 'सिकाडा' आता नवख्यांना दाखवायला ठेवलीय.

## ७. गाव ठरवा

आता मुख्य चित्र आणि अक्षरं. करिंथच्या पेगॅससखाली कोप्पा हे अक्षर असतं, काठीवर चेंडू ठेवल्यासारखं. तोच उडता घोडा, तीच अथेना, पण खाली लॅम्डा (Λ) असेल तर नाणं ल्यूकासचं, आल्फा (Α) असेल तर अँब्रेसियाचं. शिरस्त्राणामागचा डॉल्फिन बघून "करिंथ" म्हणणारे इथे फसतात.

एजिनाच्या बाबतीत कवच बघा: गुळगुळीत पाठीवर मधोमध ठिपक्यांची रांग असेल तर समुद्री कासव, कवचाचे तुकडे आखलेले असतील तर जमिनीवरचं. हा बदल इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचा, म्हणून कासवाची जात चुकली की काळही चुकतो.

हातात घेऊन शिकायला भारतात सोपं पडणारं एक नाणं म्हणजे इंडो-ग्रीक राजा पहिला अपोलोडोटस याचा चौकोनी ड्राख्म. एकीकडे हत्ती, दुसरीकडे वशिंडाचा बैल, ग्रीक आणि खरोष्ठी अक्षरं, वजन साधारण २.४ ग्रॅम. त्याच्याही नकला आहेत, पण वजनाची, कडेची, अक्षरांची सवय याच्यावर चांगली होते.

## ८. आता चिन्ह

१. नाणं काळ्या कापडावर ठेवा. दिवा तिरका धरा आणि चारही दिशांनी एकेक फोटो काढा. एकाच बाजूच्या उजेडात खोल भाग उठावाचा भासतो.

२. खेरोनेसोसच्या मागच्या बाजूला वर-खाली असं काही नाही. नाणं हळूहळू पूर्ण फिरवा.

३. दिसेल तेवढंच कागदावर काढा. नाव द्यायचं नाही. "तीन गोल, खाली टोक" एवढं पुरे.

४. मगच चित्रांशी जुळवा.

हमखास होणारे घोटाळे असे. मधमाशी वरून पाहिलेली असते, पंख दोन्ही बाजूंना पसरलेले. सिकाडाचे पंख अंगाला मिटलेले, सगळा आकार लांबट पाचरीसारखा. झिजलेला द्राक्षांचा घड मधमाशीसारखा दिसतो, पण त्याला डोकं नसतं आणि दाणे खाली निमुळते होत जातात. डॉल्फिनची पाठ कमानदार आणि तोंडाला चोच. टुना सरळ, शेपूट दुभंगलेली. जवाचा दाणा आणि मासा यांत गोंधळ झाला तर शेपूट शोधा.

तपासा: चिन्ह खरंच ठशातलं आहे ना? ठशाला तडा गेला की नाण्यावर उठावाची गाठ येते, तिला पाय फुटल्यासारखे दिसतात. नंतर कोणी मारलेली खूण आत दबलेली असते आणि तिच्याभोवतीचा धातू सरकलेला असतो. तिसरी शक्यता वाईट: साध्या चिन्हाला कोरून दुर्मीळ केलेलं. भिंगाखाली चिन्हाभोवतीच्या जमिनीत खरवडल्याच्या समांतर रेषा दिसतात आणि चिन्ह बाकी चित्राहून जास्त ताजं वाटतं.

चिन्ह चकतीबाहेर अर्धं गेलं असेल तर "बहुधा मधमाशी" असं लिहा आणि बहुधाचीच किंमत द्या.

## ९. नोंद

वजन (तिन्ही आकडे), व्यास, दोन्ही बाजूंच्या ठशांचा एकमेकांशी कोन घड्याळाच्या काट्यांत, मुख्य चित्र, अक्षरं, ठिपके, चिन्ह, आणि चिन्ह कोणत्या कप्प्यात व कोणत्या अक्षरासोबत. हे शेवटचं सगळे विसरतात. अक्षर, ठिपका आणि चिन्ह मिळून एक जोडणी बनते. नुसती "मधमाशी" लिहिलीत तर पुढे तुलना करता येणार नाही. जुळलेल्या नाण्याचा नोंदक्रमांक, पावती, पाकीट, चिठ्ठी सगळं एकत्र ठेवा.

## १०. धुऊ नका, नीट ठेवा

चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर: यातलं काहीही नको. देवाची चांदी उजळते ती रीत इथे नाणं मारते. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवा, रोज पाणी बदला, चोळू नका.

स्वस्त मऊ प्लॅस्टिकची पाकिटं टाळा. पीव्हीसीमुळे नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. आलाच तर शुद्ध अॅसिटोनमध्ये, काचेच्या वाटीत, खिडकी उघडून आणि गॅसपासून लांब. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि वास मिसळलेला असतो. नाणं मायलारच्या (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या) पाकिटात ठेवा. रबरबँड आणि लोकर जवळ नको, दोन्हींतल्या गंधकानं चांदी काळवंडते. कोकणात किंवा मुंबईत असाल तर डब्यात सिलिका जेल टाका आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी ती वाळवा. पाकिटावर क्रमांक लिहाल तो नाणं आत घालण्याआधी. पेनाचा दाब ठिसूळ चांदीला पुरतो.